डोंगल कनेक्टेड दाखवतो पण नेट चालत नाही? गडबड नेमकी कुठे आहे ते शोधायची पद्धत

डोंगल, म्हणजे सिम टाकून यूएसबीला लावायचं डेटा कार्ड, लावला, लाईट लागली, कॉम्प्युटरवर कनेक्टेड पण आलं आणि पेज उघडायला गेलं की नुसतं गोल गोल फिरतंय. नाहीतर त्याच्या आधीचा प्रकार, म्हणजे डोंगल लावलाय हेच कॉम्प्युटरला कळत नाही. मुंबईत आता बऱ्याच बिल्डिंगमध्ये फायबर आलंय हे खरं, पण अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहणारी पोरं, जुन्या चाळी जिथे वायर ओढायलाच कोणी येत नाही, गाळ्यात बिलिंगपुरता एक कॉम्प्युटर ठेवणारे दुकानदार, ही सगळी मंडळी अजून डेटा कार्डवरच आहेत, आणि फायबरवाले पण केबल तुटली की कपाटातला जुना डोंगल शोधतातच.

नेट बंद पडलं की लोक सगळ्यात आधी ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) उडवून परत टाकतात, त्यानं नाही झालं की विंडोज फॉरमॅट मारून आणतात (दुकानवाला पण खुशीत मारून देतो), आणि घरी येऊन बघतात तर परत तेच. माझं म्हणणं एवढंच की आधी काहीच दुरुस्त करू नका, आधी गडबड कुठे आहे ते शोधा. नेट तुमच्यापर्यंत येतं ते सिम आणि प्लॅन, मग डोंगल, मग विंडोज, मग ब्राउझर अशा क्रमानं, आणि बिघाड बहुतेक वेळा यातल्या एकाच ठिकाणी असतो. ते ठिकाण सापडलं की दुरुस्ती बऱ्याचदा दोन मिनिटांची असते.

सगळ्यात आधी सिम काढा आणि फोनमध्ये टाका

ही टेस्ट टाळू नका, हिच्यानं अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. डोंगलमधलं सिम काढून एखाद्या 4जी फोनमध्ये टाका, फोनचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा आणि कुठलंही पेज उघडून बघा. फोनमध्ये पण नेट चालत नसेल तर कॉम्प्युटरला हात लावायची काही गरज नाही, प्रॉब्लेम सिममध्ये, रिचार्जमध्ये नाहीतर नेटवर्कमध्ये आहे. प्लॅनची व्हॅलिडिटी संपली का ते बघा, आणि दिवसाचा कोटा संपला का ते पण बघा. रोजचा कोटा संपल्यावर नेट पूर्ण बंद होत नाही, स्पीड 64 केबीपीएसवर येतो, आणि त्या स्पीडला व्हॉट्सॲपचा मेसेज कसाबसा जातो पण आजकालचं साधं वेब पेज काही उघडत नाही. माणसाला वाटतं नेट बंद आहे. रात्री बाराला कोटा परत सुरू होतो, म्हणून "रात्री आपोआप चालू झालं, सकाळी चांगलं होतं, दुपारी परत बंद" अशी तक्रार असेल तर बहुतेक हेच असतं. डोंगलचं सिम बऱ्याचदा घरच्या कोणाच्या तरी नावावर असतं आणि रिचार्जचे मेसेज डोंगलमध्येच पडून राहतात, कोणी वाचत नाही, तर तेही एकदा वाचून घ्या.

आता उलटी टेस्ट. फोनमध्ये नेट चालतंय तर तोच फोन यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला लावा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. कॉम्प्युटरवर नेट आलं? मग विंडोज आणि ब्राउझर दोन्ही ठीक आहेत, दोष डोंगलमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये, सरळ डोंगलवाल्या भागाकडे जा. टेदरिंग करूनही नेट येत नसेल तर बिचाऱ्या डोंगलचा काही दोष नाही, कॉम्प्युटरच बिघडलाय, तुम्ही खालचा पिंगवाला भाग वाचा.

सिम काढताना एक काळजी. फोनचं छोटं नॅनो सिम ॲडॅप्टरमध्ये बसवून डोंगलमध्ये घातलेलं असतं, ते ॲडॅप्टर सरकलं की आतल्या पिना वाकतात आणि सिम अर्ध्यात अडकतं. ओढाओढी करू नका. सिमवरचे सोनेरी पॉइंट खोडरबरानं हलकेच पुसून परत बसवा, पावसाळ्यात दमट हवेनं ते काळे पडतात आणि डोंगल सिम नाही म्हणून रडतो. आणि सिमला पिन लावलेला असेल तर तीनदा चुकीचा टाकू नका, मग पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड, मागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं.

तुमचा डोंगल आजच्या नेटवर्कवर चालतो का, हे आधी बघा

हा भाग लोक सोडून देतात आणि मग दिवसभर ड्रायव्हर शोधत बसतात. डोंगलच्या अंगावर किंवा खोक्यावर स्पीडचा आकडा छापलेला असतो. 3.1 एमबीपीएस लिहिलं असेल तर तो सीडीएमए आहे, टाटा फोटॉन प्लस, रिलायन्स नेटकनेक्ट, एमटीएस एमब्लेझ या जमान्यातला, ती नेटवर्कं बंद होऊन जमाना झाला, तो डोंगल आता कशालाच उपयोगी नाही, ई-कचऱ्यात द्या. 7.2, 14.4, 21.6 किंवा 42 लिहिलं असेल तर तो 3जी. 150 लिहिलं असेल किंवा एलटीई लिहिलं असेल तर 4जी, त्याच्यावर मेहनत घ्यायला हरकत नाही.

3जी डोंगलचं काय होतं बघा. एअरटेलनं 2020 पर्यंत देशभरातलं 3जी बंद केलं, व्हीआयनं (व्होडाफोन आयडिया) पण आपलं 3जीचं स्पेक्ट्रम बहुतेक 4जीकडे वळवलंय, आणि 5 सप्टेंबर 2016 ला सुरू झालेल्या जिओकडे तर 2जी आणि 3जी पहिल्यापासून नाहीच. म्हणजे 21.6 वाल्या डोंगलमध्ये जिओचं सिम टाकून तुम्ही कितीही सेटिंग बदललीत तरी तो नो सर्व्हिसच दाखवणार. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम टाकलं तर तो 2जी पकडतो, कनेक्ट पण होतो, कनेक्टेडचा टायमर पण पळतो, आणि पेज मात्र उघडत नाही कारण 2जीच्या स्पीडला ते उघडणारच नाही. "कनेक्टेड आहे पण नेट नाही" या तक्रारीमागे हे कारण खूप वेळा निघतं.

हुवावेच्या काडीसारख्या डोंगलची लाईट यात उपयोगी पडते. हिरवी लाईट थोड्या थोड्या वेळानं दोनदा लुकलुकतेय म्हणजे नुसता करंट मिळालाय, नेटवर्क मिळालेलं नाही. हिरवी एकेकदा लुकलुकतेय म्हणजे 2जी मिळालं, हिरवी स्थिर म्हणजे 2जीवर कनेक्ट झालाय. निळी म्हणजे 3जी. आणि फिकट आकाशी स्थिर असेल तर जोरदार नेटवर्कवर आहात. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे असतात, तिथे डोंगलच्या पेजवर (ते कसं उघडायचं ते पुढे एपीएनच्या भागात आहे) किंवा सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्कचं नाव बघायचं.

अजून दोन गोष्टी. बाहेरून कोणी आणून दिलेला 4जी डोंगल असेल तर त्यात आपल्याकडचे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, आहेत का बघा, जिओ 850, 1800 आणि 2300 मेगाहर्ट्झवर चालतं म्हणजे बँड 5, 3 आणि 40, आणि परदेशी डोंगलमध्ये बँड 40 नसणं अगदी कॉमन आहे. दुसरं म्हणजे लॉक. कंपनीनं विकलेला डोंगल बहुतेक त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो, दुसरं सिम टाकलं की कोड मागतो. नेटवरून मिळालेले कोड अंदाजपंचे टाकत बसू नका, ठरावीक वेळा चुकलं की तो कायमचा लॉक होतो.

पोर्ट, पॉवर आणि ड्रायव्हर

डोंगल सापडतच नसेल तर पहिलं काम, पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावू नका, ते आतल्या लांब वायरीनं जोडलेले असतात आणि तिथे करंट कमी पडतो, मागच्या पोर्टला थेट लावा. हब तर काढूनच टाका. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलीॲम्पियरपर्यंत देतो आणि रेंज कमी असेल तेव्हा डोंगल जोर लावून टॉवरशी बोलतो, तेव्हा त्याला जवळजवळ तेवढा करंट लागतो, हबवर पेनड्राइव्ह आणि माऊस पण लावलाय म्हटल्यावर तो मध्येच मान टाकतो. लाईट लागते, कनेक्ट करायला गेलं की डोंगल गायब, परत येतो, परत गायब, असं होत असेल तर हेच.

निळ्या रंगाचा यूएसबी 3 पोर्ट करंट जास्त देतो, पण त्याची वेगळी भानगड आहे. यूएसबी 3 चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करतं, आणि बँड 40 तिथेच शेजारी, 2300 ते 2400 मेगाहर्ट्झमध्ये. शेजारच्या निळ्या पोर्टला हार्डडिस्क लावली की डोंगलचा स्पीड पडतो असं दिसलं तर डोंगल यूएसबी 2 मध्ये टाका किंवा एक्सटेंशन केबलनं लांब न्या.

आता डिव्हाइस मॅनेजर. स्टार्ट बटनावर राईट क्लिक केलं की सापडतो. डोंगल लावायच्या आधी तो उघडून ठेवा आणि मग डोंगल लावा, लिस्ट हलली का बघा. अजिबातच हलली नाही, आवाज पण नाही आला, तर पोर्ट किंवा डोंगल गेलाय, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून खात्री करा. लिस्टमध्ये काहीतरी आलं पण पिवळं चिन्ह आहे तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड 28 म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड 10 म्हणजे ड्रायव्हर आहे पण डोंगल सुरू होत नाही. कोड 43 म्हणजे डोंगलनंच सांगितलं की माझं काही खरं नाही, इथे पोर्ट बदलून, मशीन पूर्ण बंद करून बघा, नाहीतर हार्डवेअरच गेलंय.

पुष्कळ डोंगल पहिल्यांदा लावले की मोडेम म्हणून दिसतच नाहीत, सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. त्या खोट्या सीडीतच ड्रायव्हर असतो, तो इन्स्टॉल झाला की डोंगल स्वतःला बदलून मोडेम होतो. पूर्वी ती सीडी आपोआप सुरू व्हायची, आता विंडोज सुरक्षेसाठी तसं होऊ देत नाही, म्हणून दिस पीसी उघडा, सीडीवर डबल क्लिक करा, सेटअपची फाईल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. विंडोज 11 वर जुना ड्रायव्हर अडला तर त्याच फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमधून कम्पॅटिबिलिटीत विंडोज 7 निवडून बघा. विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाचा स्विच आहे, तो चालू असला की फार जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. तो बंद करा असं मी सांगणार नाही, सातशे-आठशे रुपयांच्या जुन्या डोंगलसाठी पूर्ण मशीनची सुरक्षा कशाला सैल करायची. ड्रायव्हर पॅक देणाऱ्या फुकट साइटवरून तर काहीच उतरवू नका, ड्रायव्हर एक आणि सोबत कचरा दहा.

लॅपटॉप झोपेतून उठला की डोंगल गायब होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन "पॉवर वाचवण्यासाठी हे बंद करू दे" वाली टिक काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा.

लिनक्सवाल्यांना वेगळं सांगायला नको, यूएसबी-मोडस्विच आणि मोडेम मॅनेजर ही दोन पॅकेजं असली की बहुतेक डोंगल आपोआप उठतात.

एपीएन आणि प्रोफाईल

डोंगल दोन जातीचे. एक जुना, ज्याचं सॉफ्टवेअर उघडून कनेक्टचं बटन दाबावं लागतं. दुसरा नवीन, जो स्वतःच छोटा राउटर असतो आणि विंडोजला लॅन कार्डसारखा दिसतो, त्याची सेटिंग ब्राउझरमध्ये पेज उघडून करायची. हुवावेच्या अशा डोंगलचं पेज 192.168.8.1 वर उघडतं, बऱ्याच झेडटीईचं 192.168.0.1 वर, जिओफायचं 192.168.1.1 वर. घरात वायफाय राउटर पण चालू असेल आणि त्याचा नंबरही तोच असेल तर पेज भलत्याचंच उघडतं, म्हणून सेटिंग करताना कॉम्प्युटरचं वायफाय बंद ठेवा.

एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटमध्ये शिरायच्या दाराचं नाव. सिम बदललंत आणि जुना एपीएन तसाच राहिला, हे नेहमीचं. प्रोफाईलमध्ये जाऊन नवीन प्रोफाईल बनवा. जिओसाठी जिओनेट, एका शब्दात, सगळी स्मॉल अक्षरं. एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, हेही स्मॉल आणि मध्ये स्पेस नाही. व्हीआयसाठी डब्ल्यू तीन वेळा. युजरनेम पासवर्ड रिकामे सोडा. स्पेलिंगची खात्री नसेल तर फोनमध्ये तेच सिम टाकून मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट नेम उघडा, तिथे बरोबर लिहिलेलं असतं, बघून टाईप करा. पीडीपी टाईप किंवा आयपी टाईप विचारला तर आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 दोन्ही असलेला पर्याय घ्या, जिओचं बरंचसं काम आयपीव्ही6 वर चालतं. नवीन प्रोफाईल सेव्ह करून डिफॉल्ट करायला विसरू नका, नुसतं सेव्ह केलं की तो जुनाच वापरत राहतो.

डायलचा नंबर विचारला तर स्टार 99 हॅश. गंमत म्हणजे हाच नंबर फोनवरून लावला तर बँकेचा मेनू उघडतो, डोंगलमधून लावला की मात्र तो मोडेमला डेटा सुरू करायला सांगतो, तेव्हा घाबरू नका, बँकेशी याचा संबंध नाही.

आणि हे खास आपल्याकडचं. टेलिकॉमच्या हिशोबात मुंबई हे वेगळं सर्कल आहे, ठाणे, नवी मुंबई, कल्याण धरून, आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. नाशिकहून, कोल्हापूरहून नोकरीसाठी आलेला पोरगा गावाकडचं सिम घेऊन येतो, फोनमध्ये नेट मस्त चालतं, डोंगलमध्ये मात्र सिग्नल फुल आणि कनेक्ट होत नाही. काही डोंगल याला रोमिंग समजतात आणि त्यांच्यात डेटा रोमिंग मुळात बंद असतं. मोबाईल कनेक्शनच्या सेटिंगमध्ये जाऊन रोमिंग चालू करा, झालं. देशातल्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे आता लागत नाहीत.

कनेक्ट दाबल्यावर एरर नंबर येतो तेव्हा

जुन्या जातीच्या डोंगलला नंबर दाखवायची सवय असते. 633 आला तर मोडेम दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामनं पकडून ठेवलाय, डोंगल काढा, मशीन रीस्टार्ट करा, परत लावा. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन कंपन्यांची डोंगल सॉफ्टवेअर टाकलेली असली की हे होतंच, न लागणारी काढून टाका. 692 म्हणजे मोडेमचंच हार्डवेअर किंवा जोडणी. 678, 651 आणि 619 आले तर बहुतेक एपीएन किंवा रेंज, वरचा भाग परत वाचा. 691 म्हणजे युजरनेम पासवर्ड, ते रिकामे करा. 720 म्हणजे विंडोजचं टीसीपी आयपी बिघडलंय, त्याचा इलाज पुढे आहे. कुठलाच नंबर न येता बटन दाबलं तरी ढिम्म हलत नसेल तर सर्व्हिसेस उघडून टेलिफोनी आणि रिमोट ॲक्सेस कनेक्शन मॅनेजर या दोन सर्व्हिस चालू आहेत का बघा, मशीन फास्ट करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरनी त्या बंद केलेल्या असतात.

कनेक्टेड आहे, पेज उघडत नाही: पिंगची परीक्षा

इथे घाई नको, हाच सगळ्यात जास्त छळणारा भाग आहे. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून काळी विंडो उघडा.

आधी आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड द्या. डोंगलच्या नावाखाली जो आयपी दिसतो तो वाचा. 169.254 नं सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला पत्ताच मिळालेला नाही, डोंगल काढून परत लावा, आणि लॅन कार्डच्या आयपीव्ही4 सेटिंगमध्ये पत्ता आपोआप घे असं आहे का बघा, ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये तिथे हातानं भरलेला आयपी सापडतो. 10 किंवा 100 नं सुरू होणारा किंवा 192.168 वाला पत्ता असेल तर ठीक, पुढे चला.

मग पिंग (ping), म्हणजे पलीकडच्या सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का बघणं: पिंग, स्पेस, 8.8.8.8. चार वेळा रिप्लाय आला तर तुमचं नेट टॉवरच्या पलीकडे जाऊन परत येतंय, म्हणजे सिम, डोंगल, एपीएन सगळं बरोबर, त्यांना आता हात लावू नका. रिक्वेस्ट टाईम्ड आऊट आलं तर परत एपीएन आणि रेंज.

मग पिंग, स्पेस, गुगल डॉट कॉम. नंबरचा पिंग चालला आणि नावाचा नाही चालला तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा. डोंगलच्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही4 उघडा, डीएनएस हातानं भरा, पहिला 1.1.1.1 आणि दुसरा 8.8.8.8. मग आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns) ही कमांड. ब्राउझर बंद करून उघडा.

दोन्ही पिंग चालतात आणि पेज मात्र उघडत नाही? आता कॉम्प्युटरची तारीख बघा. हो, तारीख. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटन सेल संपला की मशीन दर वेळी सुरू होताना भलत्याच वर्षात जातं, आणि सिक्युअर साइट्सची सर्टिफिकेटं त्या तारखेला चालत नाहीत, मग बँक, जीमेल, जीएसटीचं पोर्टल सगळं "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायला लागतं. तारीख वेळ बरोबर करा, सेल बदला, सीआर2032 म्हणून कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

तारीख बरोबर असेल तर प्रॉक्सी, म्हणजे नेट मध्येच दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारी सेटिंग. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सी उघडा, हातानं प्रॉक्सी वापरा हा स्विच चालू असेल आणि तुम्ही तो केलेला नसेल तर बंद करा, आणि मशीनमध्ये व्हायरस आहे का ते स्कॅन करा कारण हा स्विच असाच चालू होत नाही. ऑफिसचा व्हीपीएन अर्धवट बंद झालेला असला तरी हेच होतं. अँटीव्हायरसची मुदत संपली की काही अँटीव्हायरस नेट अडवून बसतात, तो थोडा वेळ बंद करून बघा.

काही साइट्स उघडतात आणि काही उघडत नाहीत, म्हणजे गुगल चालतं पण बँकेचं पेज अर्धवट येऊन थांबतं, तर पॅकेटचा साइज आडवा येतोय. पिंग, स्पेस, डॅश एफ, स्पेस, डॅश एल, स्पेस, 1372, स्पेस, 8.8.8.8 (ping -f -l 1372 8.8.8.8) असं देऊन बघा. फ्रॅगमेंट करावं लागेल असा निरोप आला तर आकडा दहा-दहानं कमी करत जा, जिथे रिप्लाय येईल त्यात 28 मिळवा, तो तुमचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त साइज, डोंगलच्या पेजवर एमटीयूची जागा असेल तर तिथे भरा.

यातलं काहीच लागू पडलं नाही, किंवा 720 येत होता, तर सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटश विनसॉक रीसेट (netsh winsock reset) आणि नेटश इंट आयपी रीसेट (netsh int ip reset) या दोन कमांड द्या आणि रीस्टार्ट करा. हातानं भरलेली सेटिंग यात उडतात, तेव्हा आधी फोटो काढून ठेवा. फॉरमॅट मारायची वेळ आली तर ती याच्या नंतर, आणि खरं सांगायचं तर ती येतच नाही.

रेंज: काड्या मोजू नका

डोंगलच्या पेजवर डिव्हाइस इन्फर्मेशनमध्ये आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे असतात. आरएसआरपी म्हणजे सिग्नल किती जोरात येतोय. उणे 80 च्या आसपास मस्त, उणे 100 चालेल, उणे 110 च्या खाली गेलं की रडतखडत, उणे 120 म्हणजे राम म्हणा. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे, हा जितका मोठा तितकं चांगलं, शून्याच्या खाली गेला की काड्या फुल असल्या तरी नेट सरकत नाही.

मुंबईत हे दुसरं प्रकरण फार. बाविसाव्या मजल्यावर राहणारा म्हणतो माझ्याकडे तर पाचही काड्या आहेत, पण उंचावर डोंगलला चारी बाजूंचे टॉवर एकदम दिसतात, तो याच्याकडून त्याच्याकडे उड्या मारत राहतो आणि गोंगाटानं एसआयएनआर पडतो. तिथे डोंगल खिडकीतून उलट आत आणायचा, भिंतीच्या आडोशाला, म्हणजे दोन-तीन टॉवर झाकले जातात. तळमजल्यावर, चाळीच्या आतल्या खोलीत किंवा पत्र्याच्या गाळ्यात उलटं, तिथे सिग्नलच आत येत नाही, तर यूएसबी एक्सटेंशन केबल घ्या, दीड-दोन मीटरची जाड आणि चांगली, आणि डोंगल खिडकीच्या आतल्या बाजूला ग्रिलपासून थोडा लांब टांगा. पाच मीटरच्या पुढे साधी केबल चालत नाही. जून ते सप्टेंबर खिडकीबाहेर ठेवायचा विचार पण करू नका. कुठल्या दिशेला टॉवर आहे ते सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आपला पत्ता टाकून बघता येतं, त्या बाजूची खिडकी निवडा, आणि जागा बदलली की दर वेळी एसआयएनआर वाचा, एक फूट इकडे तिकडे झालं तरी फरक पडतो.

नेटवर्क मोड ऑटोवर असेल आणि डोंगल सारखा 2जीवर घसरत असेल तर 4जी ओन्ली करा.

संध्याकाळी आठ ते अकरा स्पीड पडतो आणि पहाटे पळतो, आणि दोन्ही वेळी आकडे सारखेच आहेत, तर टॉवरवर गर्दी आहे. याला घरबसल्या इलाज नाही, दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच वेळी त्याच खिडकीत टेस्ट करा आणि चांगलं निघालं तर तिकडे जा.

डेटा भराभर संपत असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या कनेक्शनला मीटर्ड कनेक्शन करा, नाहीतर विंडोज अपडेट आणि वनड्राइव्ह तुमचा दीड जीबी चहा पिऊन होईपर्यंत संपवतात.

कंपनीकडे तक्रार करायची तर

सिम फोनमध्ये टाकून पण नेट येत नाही, किंवा सिग्नल चांगला असून स्पीड नाही, एवढ्याच दोन वेळा फोन करायचा. बाकी सगळ्याला ते "सर डिव्हाइस रीस्टार्ट करा" एवढंच सांगणार. त्याच कंपनीच्या नंबरवरून 198 लावा. आधीच सांगा की सिम फोनमध्ये टाकून पाहिलंय, फोनमध्ये पण असंच होतंय, एपीएन बरोबर आहे, पिनकोड हा, वेळ ही, आरएसआरपी आणि एसआयएनआर एवढे. फोनमधली टेस्ट केली आहे म्हटलं की पहिला अर्धा तास वाचतो. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मागा आणि एसएमएस येईपर्यंत फोन ठेवू नका. सांगितलेल्या मुदतीत काही झालं नाही किंवा न विचारता तक्रार बंद केली तर त्याच कंपनीच्या अपीलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, पण तिथे पहिला प्रश्न डॉकेट नंबरचाच असतो.